युद्धातली कृत्रिम बुद्धिमत्ता: होकार माणसाचा, निर्णय कोणाचा?

उंबरठा:

मंडळी, या विषयावर बोलणं सुरू झालं की गाडी लगेच बंदूकधारी यंत्रमानवांवर जाते. मला विचारायचंय ते वेगळं आहे.

दोन घटना शेजारी ठेवून बघा. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने आखातावरून जाणारं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. जहाजावरची एजिस ही रडार-संगणक यंत्रणा विमान वर चढतंय असं बरोबर दाखवत होती. तणावाखाली असलेल्या खलाशांनी मात्र ते खाली झेपावत आपल्याकडे येतंय असं ओरडून सांगितलं आणि कप्तानाने ते खरं मानलं. यंत्र बरोबर होतं, माणसं चुकली.

दुसरी घटना २३ मार्च २००३ ची, इराक युद्धाच्या पहिल्याच आठवड्यातली. तळावर परतणारं ब्रिटिश टोर्नेडो विमान अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांच्या बॅटरीने (तुकडीने) शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघेही गेले. इथे यंत्राने चुकीचं ओळखलं आणि माणसांनी ते मान्य केलं.

तेव्हा 'माणूस असला की सुरक्षित' हेही खरं नाही आणि 'यंत्र चुकत नाही' हेही नाही. आता पुढचं पाहा. एप्रिल २०२४ मध्ये +९७२ या नियतकालिकाने इस्रायली लष्कराच्या 'लॅव्हेंडर' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीबद्दल वृत्तांत छापला. एका टप्प्यावर तिने गाझातल्या ३७,००० माणसांवर संशयित म्हणून खूण केली होती आणि एकेका नावाच्या तपासणीला कधी कधी जेमतेम २० सेकंद दिले जात होते, असं त्यांच्या सूत्रांनी सांगितलं. लष्कराने हे नाकारलं. ही फक्त माहिती ताडून पाहण्याची व्यवस्था आहे, प्रत्येक लक्ष्य माणूस स्वतंत्रपणे तपासतो, असं त्यांचं म्हणणं.

मला आपोआप सुटणाऱ्या शस्त्रापेक्षा या यादीची जास्त भीती वाटते. कागदोपत्री माणूस आहे, होकारही त्याचाच आहे, पण विचार करायला वाव उरलाय का? आणि दुसऱ्या बाजूने, या तंत्राने खरोखर जीव वाचतात अशा जागा कोणत्या? जाणकारांनी लिहावं.

---

काठावरचा:

वाचतोय. विषय महत्त्वाचा आहे, हाणामारी न होता पुढे जावो.

---

दर्यासारंग:

फायद्यांची बाजू मी मांडतो, कारण ती मांडणारे कमी असतात.

सर्वात आधी पुरवठा. १९९१ च्या आखाती युद्धात सैन्य आणि सामान हलवण्याचं नियोजन करायला अमेरिकेने डार्ट नावाची प्रणाली वापरली. त्या एका वापराने कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या तीस वर्षांच्या संशोधनाचा खर्च वसूल झाला, असं ते पैसे देणाऱ्या दार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेनेच म्हटलं होतं. लढाईत गोळीइतकंच महत्त्व वेळेवर पोचणाऱ्या पाण्याला आणि रक्ताच्या पिशव्यांना असतं.

मग भूसुरुंग. ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांतून सुरुंग कुठे असतील ते यंत्राने आधी सुचवलं, तर शोधणाऱ्याचे पाय तरी वाचतात. क्षेपणास्त्ररोधी यंत्रणा घ्या. इस्रायलची आयर्न डोम २०११ पासून येणारं रॉकेट कुठे पडेल याचा हिशेब करते आणि मोकळ्या जागेत पडणार असेल तर ते सोडून देते. हे काम माणसाच्या आवाक्यातलंच नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. यंत्राला राग येत नाही. मित्र मेला म्हणून ते गावावर सूड उगवत नाही. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात शेकडो निःशस्त्र माणसं मारली ती हाडामांसाच्या अमेरिकी सैनिकांनी. माणसाच्या हातात बंदूक असणं म्हणजे माणुसकीची हमी, असं समजू नका.

---

सांजवात:

@दर्यासारंग, पुरवठा आणि सुरुंग याबद्दल पूर्ण सहमत. माय लायचं उदाहरण मात्र अर्धंच सांगितलंत.

त्याच सकाळी तिथे ह्यू थॉम्पसन नावाचा अमेरिकी हेलिकॉप्टर वैमानिक होता. खाली काय चाललंय ते कळल्यावर त्याने हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं आणि आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं, आपल्या लोकांनी या माणसांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. काही गावकऱ्यांना त्याने बाहेर काढलं. त्याच्या तक्रारीमुळे पुढची कत्तल थांबली. सैन्याने त्याला 'सोल्जर्स मेडल' दिलं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

कत्तल करणारी माणसं होती तशी 'नाही' म्हणणाराही माणूसच होता. यंत्राला राग येत नाही हे खरं, पण यंत्राला लाजही वाटत नाही. आजवर प्रत्येक जुलमी हुकूमशहाला हुकूम पाळणारी हजारो माणसं लागली, आणि त्यातली काही कधी ना कधी मागे फिरली. ती गरजच संपली तर?

---

भटक्या_ढग:

थोडं हलकं लिहितो, पण मुद्द्याला धरून. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. माणूस ओळखणारी प्रणाली मरीन सैनिकांच्या चालण्याफिरण्यावर शिकवली. मग त्याच सैनिकांना सांगितलं, आता तिला न दिसता जवळ जाऊन दाखवा. दोघे कोलांट्या मारत गेले. दोघे पुठ्ठ्याच्या खोक्याखाली लपून, हसू दाबत सरकत गेले. एक जण झाडाच्या फांद्या अंगावर घेऊन झाड बनून चालत गेला. एकालाही प्रणालीने पकडलं नाही!

तिने चालणारी माणसं पाहिली होती. सरकणारं खोकं पाहिलं नव्हतं.

---

निवृत्त_रडार:

माझी नोकरी हवाई संरक्षणात गेली. कोणत्या यंत्रावर, ते सोडा. मूळ लेखातल्या पेट्रियटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'यंत्राने चूक केली' एवढ्याने काहीच हाती लागत नाही.

आधी वेळेचा हिशेब. समुद्राला घासून येणारं क्षेपणास्त्र जहाजाच्या रडारला साधारण ३० किलोमीटरवर क्षितिजाच्या वर दिसतं. ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने येत असेल तर तुमच्याकडे पाऊण मिनिटही नाही. त्यात ओळखायचं, ठरवायचं, मारा करायचा आणि चुकला तर पुन्हा करायचा. म्हणून फॅलँक्ससारख्या तोफा १९८० पासून जहाजांवर आहेत आणि स्वयंचलित मोडवर टाकल्या की त्या स्वतःच शोधतात, स्वतःच झाडतात. आज जिला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो तसलं त्यात काही नव्हतं, ठरलेले नियम होते. स्वयंचलित शस्त्रं हा नवा प्रकार आहे हा समज म्हणूनच चुकीचा.

आता टोर्नेडो. ब्रिटिश चौकशीत बाहेर आलेली कारणं वाचा. रडारचा माग काढून त्यावर आदळणारी जी क्षेपणास्त्रं असतात, ती ओळखण्यासाठी पेट्रियटमध्ये घातलेले निकष फार सैल होते. इराककडे कोणती क्षेपणास्त्रं असतील हे पाहून ते घट्ट केलेले नव्हते. विमानाची 'मी मित्र आहे' सांगणारी यंत्रणा चालत नव्हती. बॅटरीचा इतरांशी पूर्ण संपर्क जोडलेला नव्हता. प्रशिक्षण असं की क्षेपणास्त्र दिसलं की मारा. 'हे क्षेपणास्त्र नसेल तर?' हा प्रश्न त्यांना कोणी विचारायला शिकवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका अमेरिकी एफ-१६ लढाऊ विमानाने स्वतःला वाचवण्यासाठी पेट्रियटच्याच रडारवर मारा केला. सुदैवाने कोणी दगावलं नाही. २ एप्रिलला पेट्रियटने अमेरिकी नौदलाचं हॉर्नेट लढाऊ विमान पाडलं आणि त्याचा वैमानिक गेला. पहिल्या अपघातानंतर दहा दिवसांत.

पेट्रियटच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाची अवस्था समजून घ्या. पडद्यावर 'क्षेपणास्त्र' असं लिहून आलंय. ते त्याने मानलं नाही आणि खरं निघालं, तर त्याच्यासकट सगळे मेले. मानलं आणि खोटं निघालं, तर दुसरं कोणी मेलं. आम्ही सरावात सर्वात जास्त झगडायचो ते याच्याशी. यंत्राला विरोध करायला धैर्य लागतं, आणि धैर्याला थोडा तरी वेळ लागतो.

---

काठावरचा:

@निवृत्त_रडार, असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो. वाचनखूण साठवली.

---

गणकयंत्र:

मी प्रतिमा ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करतो (लष्करी नाहीत). यादीच्या मुद्द्यावर एक साधा हिशेब मांडतो. आकडे फक्त समजण्यासाठी, कोणत्याही युद्धातले नाहीत.

समजा दहा लाखांच्या वस्तीत एक हजार लढवय्ये आहेत. तुमची प्रणाली १०० लढवय्यांपैकी ९५ पकडते आणि १०० निरपराधांपैकी फक्त ५ जणांना चुकून पकडते. ऐकायला झकास वाटतं ना? आता मोजा. लढवय्ये पकडले ९५०. निरपराध ९,९९,००० आहेत, त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४९,९५०. यादीत नावं जवळपास ५१ हजार आणि त्यातली खरी ९५०. शंभरातली दोनसुद्धा नाहीत.

दोष अल्गोरिदमचा नाही. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली की छोटी चूकसुद्धा प्रचंड होते. वर उल्लेख आलेल्या वृत्तांतात मोजमाप वेगळं होतं. यादीतली काही नावं तपासून पाहिली तेव्हा सुमारे ९० टक्के बरोबर निघाली, असं सूत्रांचं सांगणं होतं. ते जसंच्या तसं धरलं तरी ३७,००० चे १० टक्के म्हणजे ३,७०० माणसं. 'अचूकता ९० टक्के' हे शब्द सादरीकरणात चांगले दिसतात. त्या ३,७०० घरांना ते कसे दिसतील?

दुसरं, प्रणाली जे शिकते ते आपल्याला वाटतं तेच असेल असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं एक कासव बनवलं. पाठीवरची नक्षी अशी बेतली होती की त्या काळची चांगली प्रणाली त्याला रायफल म्हणायची, कोणत्याही कोनातून दाखवा. भटक्या_ढग यांचं खोकं आणि हे कासव एकाच जातीचे. युद्धात समोरचा माणूस तुम्हाला फसवायलाच बसलेला असतो. रोजच्या वापरातल्या प्रणालीला असा शत्रू क्वचितच भेटतो.

---

शेवटचा_बाक:

त्या ड्रोनबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही, ज्याने मोहिमेत आड येतो म्हणून स्वतःच्याच ऑपरेटरला मारलं? अमेरिकी हवाई दलाच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं की.

---

गणकयंत्र:

@शेवटचा_बाक, तसं घडलेलंच नाही. २०२३ मधली बातमी आहे. एका कर्नलने परिषदेत ते असं सांगितलं की प्रत्यक्ष चाचणी झाल्यासारखं वाटलं. नंतर त्यानेच खुलासा केला की असा प्रयोग कधी झाला नव्हता, हा फक्त कल्पनेतला प्रसंग होता. हवाई दलानेही तेच सांगितलं. खुलासा मात्र बातमीइतका फिरला नाही.

---

शेवटचा_बाक:

धन्यवाद, माहीत नव्हतं. मग मला खरोखर सतावणारा मुद्दा लिहितो. ६ मे २०१० ला अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटांत कोसळला आणि लगेच बराचसा सावरला. त्यात आपोआप व्यवहार करणाऱ्या प्रोग्रामांच्या एकमेकांवरच्या प्रतिक्रियांचा मोठा हात होता. बाजारात व्यवहार थांबवणारं बटण असतं, काही सौदे रद्दही करता येतात. दोन सैन्यांच्या प्रणाली समोरासमोर आल्या आणि एकीने दुसरीच्या हालचालीचा अर्थ चुकीचा लावला, तर थांबवणार कोण? सोडलेलं क्षेपणास्त्र रद्द होत नाही.

---

दर्यासारंग:

म्हणूनच अण्वस्त्रांची गोष्ट वेगळी ठेवली आहे. १६ नोव्हेंबर २०२४ ला बायडेन आणि शी जिनपिंग लिमामध्ये भेटले तेव्हा अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहील यावर दोघांचं एकमत झालं. दोन प्रतिस्पर्धी एवढ्यावर तरी एकत्र येऊ शकतात.

---

सांजवात:

त्या बाबतीत स्तानिस्लाव पेत्रोव्हची आठवण काढायलाच हवी. २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं सांगितलं. ड्युटीवरचा अधिकारी असलेल्या पेत्रोव्हने ते खोटं ठरवलं आणि वर तसंच कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश यंत्रणेने क्षेपणास्त्र समजून घेतला होता. माणसाच्या अंतर्मनाने जग वाचवलं.

---

निवृत्त_रडार:

@सांजवात, पेत्रोव्हबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, पण नुसतं अंतर्मन नव्हतं ते. त्याच्याकडे कारणं होती. खरा हल्ला करायचा तर अमेरिका पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, हे त्याने पाहिलं. यंत्रणा नवी आहे आणि तिच्यात कच्चेपणा आहे, हे त्याला ठाऊक होतं. जमिनीवरच्या रडारकडून दुजोरा येत नव्हता. म्हणजे तुलना करायला दुसरा स्रोत होता, यंत्राच्या मर्यादांचं ज्ञान होतं आणि काही मिनिटं हाताशी होती. या तिन्हींतली एक जरी गोष्ट काढून घेतली असती तर तोच माणूस तसा वागू शकला असता का, शंका आहे.

अमेरिकेतही असं झालेलं आहे. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावाची माहिती खऱ्या यंत्रणेत घुसून शेकडो क्षेपणास्त्रं येताना दिसली. जून १९८० मध्ये एका बिघडलेल्या चिपमुळे तसाच खोटा इशारा आला. दोन्ही वेळा उपग्रह आणि रडार वेगळे तपासून पाहिले गेले म्हणून निभावलं.

---

गणकयंत्र:

+१. आणि इथे नवा धोका असा की ते वेगवेगळे स्रोत आता एकाच प्रणालीत एकजीव करून ऑपरेटरसमोर एकच उत्तर ठेवलं जातं. पडदा सुटसुटीत होतो, पण दोन स्रोत एकमेकांशी भांडतायत हे त्याला दिसतच नाही.

जाता जाता, जानेवारी २०२४ मध्ये काही संशोधकांनी पाच भाषिक मॉडेलना (चॅटजीपीटीसारख्या प्रणालींना) काल्पनिक देशांचे सल्लागार बनवून युद्धखेळ खेळवले. पाचही कमीजास्त प्रमाणात संघर्ष वाढवण्याकडे झुकली, आणि कधी कधी अण्वस्त्रापर्यंत गेली. ती मॉडेलं जुनी झाली, पण सेनापतीच्या टेबलावर अशी चीज ठेवण्याआधी हे आठवावं.

---

कलम३६:

कायद्याची बाजू. माझा आयडी युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलवरून घेतलाय. त्याच्या ३६ व्या कलमानुसार नवं शस्त्र आणताना ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का, हे त्या देशाने तपासायचं असतं. म्हणजे कायदा अजिबात नाही असं नाही. सैनिक आणि नागरिक यांत भेद करा, लष्करी फायद्याच्या तुलनेत नागरिकांची हानी अवाजवी होऊ देऊ नका, मारा करण्याआधी खबरदारी घ्या, ही बंधनं यंत्र वापरलं म्हणून सुटत नाहीत.

अडतं कुठे? 'अवाजवी' ठरवणं ही मोजणी नाही, तो विवेक आहे. आणि चूक झाली तर दोषी कोण? सैनिक म्हणेल पडद्यावर तसं आलं. अधिकारी म्हणेल प्रणाली मंजूर झालेली होती. कंपनी म्हणेल वापर आमच्या हातात नाही. गुन्हा सिद्ध करायला हेतू किंवा बेफिकिरी दाखवावी लागते, आणि इथे ती इतक्या जणांत वाटली जाते की कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०२३ मध्ये स्वयंचलित शस्त्रांवर पहिला ठराव केला. बाजूने १५२, विरोधात ४, तटस्थ ११. विरोध करणारे रशिया, बेलारूस, माली आणि भारत. ही चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली आधीपासून चालू आहे, तिथेच व्हावी, अशी भारताची भूमिका होती. ते तर्काला धरून आहे. पण त्या मंचावर एकमताशिवाय पान हलत नाही, हेही लक्षात घ्या.

---

दर्यासारंग:

करार करून काय होतं? १९९७ चा भूसुरुंगबंदीचा करार बघा. अमेरिका, रशिया, चीन, भारत कोणीच त्यात नाही. आणि जे होते त्यातलेही २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने बाहेर पडायला निघाले. लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया, फिनलंड, पोलंड. संकट दारात आलं की कागद बाजूला पडतो.

---

कलम३६:

@दर्यासारंग, खरं आहे, आणि मला त्याचं दुःख आहे. पण त्या कराराखाली कोट्यवधी सुरुंग साठ्यातून नष्ट झाले, तेही मोजा. आणि १९९५ चा आंधळं करणाऱ्या लेझरवर बंदी घालणारा प्रोटोकॉल आठवा. ते शस्त्र पसरण्याआधीच थांबवलं गेलं. वेळ साधली तर होतं.

भूसुरुंग हेच खरं तर जगातलं सर्वात जुनं आणि सर्वात मूर्ख स्वयंचलित शस्त्र. कोण पाय ठेवतोय ते त्याला कळत नाही. युद्ध संपलेलंही कळत नाही.

---

उंबरठा:

इतके अभ्यासपूर्ण प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. युक्रेनबद्दल कोणी लिहील का? तिथे हे सगळं रोज घडतंय.

---

निवृत्त_रडार:

लिहितो. तिथून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे जॅमिंग. हजारो छोटे ड्रोन रेडिओ लहरींवर चालतात, म्हणून दोन्ही बाजू त्या लहरी तोडतात. लक्ष्याच्या जवळ गेलं की चित्रच जातं. यावर दोन उपाय निघाले. एक, ड्रोनमागे किलोमीटरच्या किलोमीटर फायबरची बारीक तार सोडत नेणं. ती जॅम होत नाही. दुसरा, शेवटचा टप्पा ड्रोनवरच सोपवणं. माणूस लक्ष्य निवडून देतो, संपर्क तुटला तरी ड्रोन ते चित्र धरून जातो. १ जून २०२५ ला युक्रेनने रशियाच्या आत दूरवरच्या विमानतळांवर ११७ ड्रोनने हल्ला केला, त्यातही संपर्क तुटला तर अशी मदत होती, असं युक्रेनने सांगितलं.

म्हणजे माणसाचा ताबा सुटतोय तो कोणी दुष्टपणे ठरवलं म्हणून नाही. सिग्नल तुटतो म्हणून सुटतोय. आज शेवटचे काही सेकंद, उद्या शेवटची काही मिनिटं. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी समंजसच वाटतं. मला यातलंच काळजीचं वाटतं.

---

पांढरा_कोट:

मी क्ष-किरणतज्ज्ञ. युद्धातलं काही कळत नाही, पण यंत्राच्या सूचनेवर होकार देण्याचा अनुभव रोजचा आहे.

यंत्राने चौकोन काढून 'इथे काहीतरी आहे' म्हटलं की नजर तिथेच चिकटते. चौकोन नसेल तर नजर घसरते. २०२३ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. २७ तज्ज्ञांना स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा दिल्या आणि काही ठिकाणी यंत्राची सूचना मुद्दाम चुकीची ठेवली. सूचना बरोबर असताना सर्वात अनुभवी डॉक्टरांची अचूकता ८२ टक्क्यांच्या आसपास होती. सूचना चुकीची असताना ती सुमारे ४५ टक्क्यांवर आली. नवख्यांची अवस्था याहून वाईट. हे उजेडात, खुर्चीत बसून, जिवाला धोका नसताना.

मी स्वतः एक पथ्य पाळते. आधी यंत्राची सूचना बंद ठेवून प्रतिमा पाहायची, आपलं मत लिहून टाकायचं, मग सूचना उघडायची. वेळ जातो, वरून घाईही असते. पण दोन मतं खरोखर दोन राहतात. लष्करात असं का करता येऊ नये?

---

निवृत्त_रडार:

@पांढरा_कोट, येणाऱ्या क्षेपणास्त्राला नाही करता येणार. यादीतल्या माणसाला नक्की करता येईल. तो माणूस पाऊण मिनिटात तुमच्यावर आदळणार नसतो. तिथली घाई शत्रूने लादलेली नसते, आपणच लादून घेतलेली असते.

---

उंबरठा:

हे वाक्य माझ्या मूळ प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातं.

---

खूणगाठ:

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मी काही काळ चित्रांवर खुणा करायचं काम केलंय. वरून घेतलेली छायाचित्रं यायची. वाहन, इमारत, माणूस, 'हातात वस्तू असलेला माणूस' असे प्रकार. एकेका चित्राला ठरलेला वेळ, चुकलं की पैसे कापणार. हे कशासाठी आहे, ते कोणी सांगितलं नाही. विचारलं तर करारात विचारायची मुभा नाही असं उत्तर आलं.

चित्र धूसर असायचं. खांद्यावर ती काठी आहे, फावडं आहे की आणखी काही, कळायचं नाही. 'नक्की नाही' असा पर्याय होता, पण तो फार वापरला की काम मिळणं कमी व्हायचं. मग सगळेच काहीतरी ठोकून द्यायचे. ती चित्रं पिकांच्या पाहणीसाठी असतील किंवा कशासाठीही असतील, मला अजून माहीत नाही. पण वर टक्केवारीची चर्चा वाचताना सारखं मनात येत होतं की यंत्राच्या ठाम उत्तराखाली आमच्यासारख्यांचे अंदाज आहेत.

---

गणकयंत्र:

@खूणगाठ, हा या धाग्यातला सर्वात मोलाचा प्रतिसाद आहे. 'नक्की नाही' दाबणाऱ्याला शिक्षा झाली की प्रणाली शंका घ्यायला शिकतच नाही. पुढे ती धूसर चित्रावरही खात्रीने बोलते.

---

भटक्या_ढग:

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

दर्यासारंग:

सगळं वाचलं. खूणगाठ ताईंचा अनुभव अस्वस्थ करणारा आहे. पण एका प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. आपण आधी माणसाचं मत, मग यंत्राचं अशी पथ्यं पाळायची आणि समोरच्याने नाही पाळली तर? तो दिवसाला शंभर लक्ष्यं मारणार आणि आपण दहा तपासत बसणार. आपल्या सैनिकांच्या आईला काय सांगायचं?

---

निवृत्त_रडार:

प्रश्न रास्त आहे. पेट्रियटने त्या युद्धात मारलेले तिघेही आपल्याच बाजूचे होते, त्यांच्याही आया होत्या. खबरदारी फक्त शत्रूच्या नागरिकांवरची दया नसते. सैल निकष आधी स्वतःच्या माणसांना मारतात.

आणि शंभर लक्ष्यं मारली म्हणजे युद्ध जिंकत आलो, हे गृहीतकच कच्चं आहे. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेने एका पांढऱ्या गाडीवर तासन्‌तास ड्रोनने नजर ठेवली आणि मग ती उडवली. दहा नागरिक मेले, त्यातली सात मुलं. ती गाडी मदतसंस्थेत काम करणाऱ्याची होती. तिथे निर्णय माणसांचाच होता आणि वेळही होता, पण एकदा संशय बसल्यावर पाण्याचे कॅनसुद्धा स्फोटकं वाटले. ज्यांनी चूक लवकर पकडली असती असे वेगळं मत मांडणारे लोक त्या साखळीत हवे होते. लक्ष्यं वेगाने पुरवून ती उणीव भरत नाही.

---

उंबरठा:

आता माझं मत मांडते, पटलं तर घ्या. क्षेपणास्त्र, तोफगोळा, ड्रोन अशा येणाऱ्या वस्तूंविरुद्ध यंत्राला स्वतः मारा करू द्यायला माझी हरकत नाही, निकष घट्ट असतील आणि आपली विमानं ओळखण्याची सोय असेल तर. पुरवठा, सुरुंग, जखमींना शोधणं, तिथे हे तंत्र जितकं येईल तितकं येऊ द्या. पण माणसाचं नाव लक्ष्य म्हणून काढणं यंत्राकडे नको. सूचनेच्या रूपातसुद्धा नको, कारण पांढरा_कोट यांनी दाखवलं तसं सूचना ही नुसती सूचना राहत नाही. निदान आधी माणसाने पुराव्यावरून स्वतःचं मत नोंदवलेलं असल्याशिवाय नको.

---

दर्यासारंग:

पहिल्या भागाशी सहमत. दुसऱ्या भागाशी अर्धवट. यंत्र एखाद्याचं नाव यादीतून वगळायलाही मदत करू शकतं. इमारतीत मुलं आहेत, हे माणसाच्या नजरेतून सुटलेलं ते दाखवू शकतं. तिथे सूचना हवीच.

---

सांजवात:

वगळण्यासाठी सूचना, यावर माझा आक्षेप नाही. थांबा म्हणणारं यंत्र चुकलं तर एक हल्ला लांबतो.

---

कलम३६:

मुद्दा पकडण्यासारखा आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा २०१२ चा निर्देश, जो जानेवारी २०२३ मध्ये सुधारला, त्यात बळाच्या वापरावर माणसाचा 'योग्य पातळीवरचा' विवेक हवा, असं म्हटलंय. योग्य पातळी म्हणजे किती, ते मात्र मोकळं सोडलंय. करारात शब्द घालायचे तर मोजता येतील असे हवेत.

---

गणकयंत्र:

मोजता येईल असं एक सुचवतो. अशा प्रत्येक प्रणालीत नोंदी असतातच. कोणतं नाव कधी उघडलं, किती सेकंदांनी बटण दाबलं, होकार की नकार. त्यातून दोन गोष्टी काढा. एकेका नावाला दिलेला वेळ आणि नकाराचं प्रमाण. प्रणाली स्वतःच दहात एक चूक करते असं माहीत असताना ऑपरेटर शंभरात एकदाही 'नाही' म्हणत नसेल, तर तिथे माणूस निर्णय घेत नाहीये. मग त्याच्या पदाचं नाव काहीही असो.

अधूनमधून मुद्दाम खोटी प्रकरणंही पेरता येतील, मारा होणार नाही अशा बेताने. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांच्या पडद्यावर हत्यारांची बनावट चित्रं सोडून त्यांची सावधता तपासतात, तसंच.

---

निवृत्त_रडार:

आमच्याकडे सरावात खोटी लक्ष्यं सोडायचे. प्रत्यक्ष ड्युटीवर सोडत नसत, आणि सोडायला हवी होती असं मला वाटतं. पण नकाराचं प्रमाण मोजायचं असेल तर आधी एक पाहा. नकार देणाऱ्याची बढती अडत नाही ना? नाहीतर लोक आकडा गाठण्यापुरते नकार देतील.

---

पांढरा_कोट:

आमच्याकडेही हेच. आणि या नोंदी तपासणारा लक्ष्यं ठरवणाऱ्या तुकडीतला नको. त्याचा साहेब वेगळा हवा.

---

कलम३६:

जिनिव्हातल्या चर्चेसाठी नागरी संस्था लेखी सूचना देऊ शकतात. गणकयंत्र, पांढरा_कोट, निवृत्त_रडार, तुम्ही तिघे तयार असाल तर मी मसुद्याला सुरुवात करतो. खूणगाठ ताई, खुणा करणाऱ्यांना उद्देश सांगण्याचं बंधन आणि 'नक्की नाही' निवडल्याबद्दल पैसे न कापण्याची अट, यावर एक परिच्छेद तुम्ही लिहाल का? नावाशिवाय चालेल.

---

खूणगाठ:

लिहीन.